भाकरीशी कट्टी

श्रीखंडाची वाटी बोटाने निपटून मी आईला जाहीर केलं, "उद्यापासून माझ्या पोळ्या करू नकोस."

आईने मान वरसुद्धा केली नाही. "बरं. मग भाकरी टाकू?"

"भाकरीही नको. भात नको, पोहे नकोत, बटाटा नको, साखर नको."

"अगं, मग खाणार काय? टेबल-खुर्ची?"

तर अशी सुरुवात. तारीख ९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा. स्थळ निगडी, प्राधिकरणातलं आमचं घर. पात्रं तीन. मी, वय २८, फ्रीलान्स पत्रकार, मास कॉमची डिग्री आणि दिवसाचे दहा तास लॅपटॉपसमोर. आई, जिच्या मते जगातले निम्मे आजार वेळेवर न जेवल्याने होतात. आणि बाबा, भोसरीच्या एका कारखान्यात ३४ वर्षं शिफ्ट करून रिटायर झालेले. डायबेटिस ११ वर्षांपासून.

वजन वाढतं हळूहळू, पण कळतं मात्र एकदम. माझ्या बाबतीत ते जीन्सच्या बटणाने सांगितलं. उंची १६० सेंटीमीटर, काटा ७१ किलोवर. तेही मी हसण्यावारी नेलं असतं, पण बाबांच्या रुटीन टेस्टसाठी घरी आलेल्या लॅबवाल्या मुलाला मी उगाच माझाही हात पुढे केला. रिपोर्ट आला. एचबीएवनसी ५.९. म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी धोक्याच्या उंबरठ्यावर. ५.७ ते ६.४ या पट्ट्याला प्रीडायबेटिस म्हणतात. बाबांचा आकडा ७.६. एकाच लिफाफ्यात दोन रिपोर्ट. आजवर बाबांकडून मला त्यांचं नाक आणि विसरभोळेपणा मिळालाय असं सगळे म्हणायचे. आता यादीत तिसरी गोष्ट आली होती.

घाबरले. सॉलिड घाबरले. आणि घाबरलेला पत्रकार जे करतो तेच केलं. वाचायला बसले.

शवपेट्या बनवणारा माणूस

लो-कार्ब हा काही जिममधल्या पोरांनी काढलेला फंडा नाही. १८६३ साली लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाच्या गृहस्थाने एक छोटी पुस्तिका छापली. धंदा शवपेट्या आणि अंत्यविधीच्या तयारीचा. स्वतः एवढा जाड की त्याला वाकून बुटाची नाडीही बांधता येईना. डॉक्टरने त्याचा ब्रेड, साखर, बटाटा आणि बिअर बंद केली. वर्षभरात गडी सुमारे २० किलोंनी उतरला. स्वीडिश भाषेत वजन कमी करण्याला अजूनही 'बांटा' म्हणतात, ते याच्याच आडनावावरून.

पुढे १९७२ मध्ये अमेरिकेत डॉ. रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांचं पुस्तक आलं आणि नंतर जगभर अ‍ॅटकिन्स डाएटची लाट आली. एप्रिल २००३ मध्ये बर्फावरून घसरून डोक्याला मार लागून ते गेले. २००५ मध्ये त्यांच्या कंपनीला दिवाळखोरीसाठी अर्ज करावा लागला. लाट ओसरली आणि 'कीटो' हे नवं नाव घेऊन परत आली.

आपल्याकडे २०१८ मध्ये घराघरांत काय चाललं होतं आठवतंय? दीक्षित की दिवेकर! डॉ. श्रीकांत जिचकारांची मांडणी पुढे नेणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा आणि तेही ५५ मिनिटांत उरका. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, थोडं थोडं पण वेळच्या वेळी खा, आजीच्या हातचं खा आणि तुपाला घाबरू नका. आमच्या सोसायटीत तेव्हा राजकारणावर झाली नसतील एवढी भांडणं या विषयावर झाली. बी विंग दीक्षित, सी विंग दिवेकर. लिफ्टमध्ये तह.

मला मात्र आपल्याच पुण्यातली एक गोष्ट जास्त लागली. जानेवारी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला. एक लंडनचे जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, आतून चरबीदार. हे आपलं भारतीय शरीर. म्हणजे "आमच्या घरात कुणी एवढं जाड नाही हो" हे वाक्य आपल्या काहीच कामाचं नाही.

बस्स. ठरलं. कार्ब बंद.

पहिला आठवडा, पहिलं प्रेम

एका मध्यम पोळीत साधारण १५ ते २० ग्रॅम कार्बोहायड्रेट असतं. कडक लो-कार्बमध्ये अख्ख्या दिवसाचा कोटा ५० ग्रॅमच्या आत. म्हणजे तीन पोळ्या खाल्ल्या की त्या दिवसाचं दुकान बंद. ज्वारी-बाजरी पौष्टिक, मान्य. पण पिठात कार्ब साधारण तेवढंच. भाकरीवर अन्याय होतोय हे कळत होतं, पण नियम म्हणजे नियम.

सकाळी दोन अंड्यांचं ऑम्लेट. दुपारी पनीर आणि काकडी-टोमॅटोची कोशिंबीर. संध्याकाळी मूठभर शेंगदाणे. रात्री फ्लॉवर किसून केलेला 'भात'. त्या भातावर आईने वरण वाढलं, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे भाव होते ते मी फक्त कुणाला भेटायला दवाखान्यात गेल्यावर पाहिलेत.

तिसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं. चौथ्या दिवशी पोटऱ्यांत गोळे. पाचव्या दिवशी एका एडिटरला मी फोनवर जे बोलले ते इथे छापता येणार नाही. पण आठव्या दिवशी काट्यावर उभी राहिले आणि सगळं माफ. ६८.४! आठवड्यात अडीच किलोंच्या वर!

मी घरभर नाचले. बाबांनी टाळ्या वाजवल्या. आई म्हणाली, "चेहरा उतरलाय, तेच वजन असेल."

गंमत म्हणजे आईच खरी होती. जवळजवळ. शरीर थोडी साखर ग्लायकोजेनच्या रूपात लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये साठवून ठेवतं. आणि एका ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणीही धरून ठेवतं. कार्ब बंद केलं की हा साठा संपतो आणि पाणी निघून जातं. पाण्याबरोबर मीठही जातं, म्हणून ते गोळे आणि ती डोकेदुखी. म्हणजे पहिल्या आठवड्यात मी जे गमावलं त्यात चरबी थोडी आणि पाणीच जास्त. पण काट्याला पाणी आणि चरबीतला फरक कळत नाही. आणि त्या क्षणी मलाही तो कळून घ्यायचा नव्हता!

आंबा आडवा आला

डाएट सुरू करायला मी महिना निवडला एप्रिल. हुशारी बघा! बाहेर हापूस, घरात रस आणि माझ्या ताटात पनीर. मावसबहिणीच्या लग्नात मी मठ्ठा आणि काकडी खाऊन उठले, तेव्हा एका काकूंनी आईला बाजूला घेऊन विचारलं, "हिला काही दुखणं आहे का गं?"

तुम्ही ऑफिसात बसता, तुम्हाला वेगळं काय सांगायचं? दर दोन दिवसांनी कुणाचा तरी बर्थडे, केक कापल्याशिवाय मीटिंग हलत नाही आणि कॅन्टीनमध्ये कार्ब नसलेली एकच गोष्ट असते, पाणी. मी फ्रीलान्सर असले तरी ऑफिसांच्या चकरा चुकत नाहीत. "एक पीस खा गं, काय होतंय!" हे वाक्य मी मे महिन्यात किमान वीस वेळा ऐकलं. एकविसाव्या वेळी खाल्ला. पीस नाही, पीसेस.

शिवाय जे कुणी सांगत नाही तेही सांगून टाकते. तोंडाला एक विचित्र, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. शरीर चरबी जाळून कीटोन तयार करतं, त्यातलं अ‍ॅसिटोन श्वासातून बाहेर पडतं. पोट साफ होत नाही, कारण पोळी-भाकरीबरोबर त्यातला चोथाही गेलेला असतो. आणि खिसा मात्र छान साफ होतो! पनीर, बदाम, अंडी, चिकन यांचा महिन्याचा हिशेब लावला तेव्हा मला घाम फुटला.

त्याच सुमारास एका स्टोरीसाठी चाकणला गेले होते. शिफ्ट सुटली होती. गेटसमोरच्या टपरीवर कंत्राटी कामगार पोरं वडापावभोवती गोळा झालेली. माझ्याच वयाची, काही लहानही. मी पर्समधून बदामाची डबी काढली. शेजारच्या पोराने बघितलं आणि हसून विचारलं, "ताई, एवढ्यात भागतं?" मी डबी परत पर्समध्ये ठेवली. आठ तास उभं राहून मशीन चालवणाऱ्या माणसाला कार्ब सोडायला सांगण्याआधी त्याऐवजी तो काय खाणार आणि कुठल्या पैशांतून, हे सांगावं लागतं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार भारतीय माणसाला रोजच्या ऊर्जेतली सुमारे ६२ टक्के ऊर्जा कार्बमधूनच मिळते. आपल्याला ते आवडतं हे एक कारण. ते स्वस्त पडतं हे दुसरं.

असो. मेअखेर काटा ६५.८ वर होता. जीन्सचं बटण लागत होतं. चेहरा बारीक दिसत होता. आणि सगळ्या नातेवाइकांना मी फुकटचे सल्ले द्यायला लागले होते. त्यातला एक सल्ला घरातच लागला.

बाबांनी दिलेली कंपनी

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री बाबांनी ताटातल्या दोन्ही पोळ्या उचलून परत डब्यात ठेवल्या. "मी पण करतो तुझं ते. तू एकटी वेगळं ताट घेऊन बसतेस, बरं नाही वाटत. तुला कंपनी देतो."

३४ वर्षं कंपनीत गेलेल्या माणसाच्या तोंडी तो शब्द ऐकून मला हसू आलं. आणि खरं सांगू? खूप भारी वाटलं. मी त्यांना चार्ट करून दिला. फ्रिजवर चुंबकाने लावला. पंधरा दिवसांत त्यांची उपाशीपोटीची साखर सरळ खाली आली. बाबा मॉर्निंग वॉकला दुर्गा टेकडीवर सगळ्यांना सांगायचे, "आमच्या मुलीचं डाएट आहे."

मी अ‍ॅटकिन्स वाचला होता. बँटिंग वाचला होता. ग्लायकोजेनवर भाषण देऊ शकत होते. पण रोज सकाळी बाबा डायनिंग टेबलावर जी गोळ्यांची पट्टी ठेवायचे, ती मात्र मी एकदाही उलटून वाचली नव्हती.

पालखी

दरवर्षी तुकोबांची पालखी देहूहून निघाली की निगडीत भक्ती-शक्ती चौकात येते आणि पुढे आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला जाते. निगडीकरांसाठी हा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. बाबा आणि त्यांचे कंपनीतले जुने मित्र चौकाजवळ केळी आणि चहा वाटतात. वाटून झालं की पालखीमागे आकुर्डीपर्यंत चालत जातात. तीनेक किलोमीटर. त्या वर्षी, जूनच्या अखेरीला, मीही बरोबर होते.

बाबांनी दुपारी ऑम्लेट आणि कोशिंबीर खाल्ली होती. तीन वाजल्यापासून उभे होते. शेकडो केळी हातांनी वाटली, स्वतः एकही खाल्लं नाही. चहा बिनसाखरेचा. डाएट!

आकुर्डीच्या अलीकडे मला ते मागे पडलेले दिसले. वळले तर रस्त्याच्या कडेला थांबलेले. शर्ट भिजून अंगाला चिकटलेला. मला वाटलं उकाडा. जवळ गेले तर हात थरथरत होते आणि ते माझ्याकडे बघून म्हणाले, "बस गेली का?"

"कुठली बस, बाबा?"

"फर्स्ट शिफ्टची."

टाळ-मृदंगाचा एवढा आवाज होता, पण मला काही ऐकू येईनासं झालं. मी त्यांना दुभाजकाच्या कठड्यावर बसवलं आणि नुसतीच हाका मारत राहिले. डोक्यावर तुळस घेतलेली एक म्हातारी माउली थांबली. तिने त्यांच्या कपाळाला हात लावला. गार. "साखरेचा आजार हाय का ह्यांना?" मी मान हलवली. तिने कमरेची पिशवी सोडली, गुळाचा खडा काढला आणि त्यांच्या हातात दिला. "चावा, बाबा, चावा." तिच्याबरोबरच्या माणसाने कुठून तरी साखर घातलेला चहा आणला. दहा-पंधरा मिनिटांनी बाबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि लाजून विचारलं, "पालखी पुढे गेली वाटतं?"

माउलीही पुढे गेली होती. मी तिला थँक्यूसुद्धा म्हणाले नाही.

रात्री डॉक्टरांनी पट्टी माझ्यासमोर धरली. एक गोळी मेटफॉर्मिन, तिने एकटीने साखर सहसा एवढी उतरत नाही. दुसरी ग्लिमेपिराइड. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही पोळी खाल्ली की काकडी, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. दोन पोळ्यांच्या हिशेबाने दिलेली गोळी तीच राहिली आणि पोळ्या मात्र गेल्या. वर तीन किलोमीटरची चाल.

"डाएट चूक नव्हतं," डॉक्टर म्हणाले. "मला न विचारता केलं, हे चुकलं. साखर कमी येत होती तेव्हाच गोळी कमी करायला हवी होती."

आई काहीच बोलली नाही. घरी आल्यावर तिने फ्रिजवरचा चार्ट काढला, नीट घडी घातली आणि माझ्या लॅपटॉपवर ठेवला. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

अर्धी भाकरी

त्यानंतर मी जे केलं ते आधी करायला हवं होतं. आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो, त्यांच्या सांगण्यावरून आहारतज्ज्ञांकडे गेलो. बाबांची ती गोळी कमी झाली. ताटातली भाकरी अर्धी झाली, पण ताटात राहिली. उसळ वाटीभर वाढली, पालेभाजी दुप्पट, दही रोज. आधी भाजी-कोशिंबीर, मग बाकीचं. भात रविवारी. आणि रात्रीच्या जेवणानंतर तिघांची पंधरा मिनिटं चक्कर.

२०१८ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ६०९ जणांवर वर्षभर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. निम्म्यांना लो-कार्ब, निम्म्यांना लो-फॅट. वर्षाअखेर सरासरी घट पहिल्या गटात ६ किलो, दुसऱ्या गटात ५.३ किलो. म्हणजे म्हणावा असा फरक नाही. पण दोन्ही गटांत काहींचं वजन खूप उतरलं, तर काहींचं चक्क वाढलं. आधी वाचलं तेव्हा मला हा निकाल बोअर वाटला होता. आता वाटतं, वर्षभर निभेल तेच आपलं डाएट.

माझं काय झालं? सांगते ना. कडक डाएट सोडल्यावर दोन किलो परत आले, अगदी पाहुण्यांसारखे, न सांगता. मग हळूहळू गेले. वर्षाने काटा ६५ वर होता. म्हणजे ज्या आकड्यावर मी मे महिन्यात रडतखडत पोचले होते, साधारण तिथेच, पण आंबे खाऊन. एचबीएवनसी ५.६. बाबांचा ६.८, कमी गोळीवर. लो-कार्बचे मी आभारही मानते. त्याने मला ताटात किती पोळ्या आणि किती बाकीचं हे पहिल्यांदा बघायला लावलं. आणि पट्टी उलटून वाचायलाही त्यानेच शिकवलं. फक्त त्या धड्याची फी फार होती.

तुमच्या घरी कुणी डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल आणि ते तुमच्या कौतुकाने तुमचं डाएट करायला निघाले, तर आधी त्यांना डॉक्टरांकडे न्या. आणि घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं तर आधी तीन चमचे साखर. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

२०२५ च्या पालखीलाही आम्ही भक्ती-शक्ती चौकात होतो. बाबांनी केळी वाटली आणि चार वाजता आईने बरोबर दिलेली अर्धी भाकरी-उसळ कडेला बसून खाल्ली. शर्टाच्या खिशात साखरेची पुडी होती. ती आईने घालून दिलेली, वर सेफ्टी पिन लावून.

मी डोक्यावर तुळस असलेल्या प्रत्येक म्हातारीकडे बघत होते. ती दिसली नाही. शेवटी एका अनोळखी माउलीच्याच हातात गुळाची पुडी दिली.

"कशापायी, बाई?" तिने विचारलं.

"वाटेत कुणाला लागला तर," मी म्हटलं.